ओएई ‘पास’, तरी मूल ऐकत नाही: एका मुलीच्या निदानाची हकिगत

या मुलीला इथे चिमी म्हणू या. गाव, काळ आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम, आमचे निर्णय आणि आमच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याचे दोष तपासणारी, कृष्णाकाठच्या एका शहरात काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचं निदान सरळ असतं: आतल्या कानातल्या पेशी गेलेल्या असतात, सगळ्या तपासण्या एकच सांगतात. चिमीच्या दोन तपासण्या, आतल्या कानाची ओएई आणि कानाच्या नसेची बेरा, एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या, आणि मधल्या मध्ये तिचं घर अडकलं होतं.

पार्श्वभूमी

जन्म पस्तिसाव्या आठवड्यातला, वजन २.१ किलो. आईचा रक्तगट ओ, मुलीचा बी. दुसऱ्याच दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले आणि तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, २७ मिलिग्रॅमवर गेलं. निळ्या दिव्याखाली ठेवून भागेना, शेवटी रक्त बदलावं लागलं. एकूण १३ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. जीव वाचला, आणि त्या वेळी कुटुंबाला तेवढंच पाहिजे होतं.

घरी सोडताना फाइलच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी स्टेपल केली होती. फॅक्सच्या कागदासारखा गुळगुळीत कागद, त्यावर दोन ओळी: ओएई उजवा पास, डावा पास. पुढच्या सगळ्या घडामोडी या चिठ्ठीभोवती फिरल्या. मी पाहिली तेव्हा त्यावरची अक्षरं फिकी पडायला लागली होती, पण तोवर तिच्या तीन झेरॉक्स निघाल्या होत्या.

वडील उसाच्या वाहतुकीला ट्रॅक्टर चालवतात, आई बारावी शिकलेली. घरात आज्जी. चिमी त्यांची पहिलीच.

घरातली शंका

सात महिन्यांची असताना आईच्या पहिल्यांदा मनात आलं. कुकरची शिट्टी झाली की चिमी एखाद्या दिवशी दचकायची आणि दुसऱ्या दिवशी तीच शिट्टी झाली तरी हातातलं खेळणं चघळत बसायची. आईने सासूला सांगितलं. आज्जीने पिढ्यान् पिढ्या चालत आलेली तपासणी केली: मुलीच्या पाठीमागे जाऊन ताट वाजवलं. चिमीने मान वळवली.

ताट वाजवून कान तपासू नयेत, हे मी रोज सांगते. ताटाचा आवाज फार मोठा असतो, फरशी थरथरते, सावली पडते, समोर बसलेली माणसं आधी तिकडे बघतात आणि मूल त्यांच्याकडे बघून वळतं. बऱ्याच कमी ऐकणारं मूलही ताटाला वळू शकतं. पण इथे आज्जीची काही चूक नव्हती. चिमीला ताट खरंच ऐकू येत होतं, कधी कधी.

लसीकरणाच्या वेळी आईने विषय काढला. फाइल उघडली गेली, चिठ्ठी दिसली. ओएई पास आहे, काळजी करू नका, काही मुलं उशिरा बोलतात, असं उत्तर मिळालं. असं उत्तर देणाऱ्याला मी फार दोष देत नाही. चिठ्ठीवर शब्दच तसा होता.

पहिली भेट

चिमी माझ्याकडे आली तेव्हा तेरा महिन्यांची होती. एकही शब्द नाही. नजर छान, हसरी, मान धरलेली, बसायला उशीर झालेला. आज्जी खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली, “मॅडम, पोरगी बहिरी न्हाई. मनात आलं की ऐकती, न्हाईतर न्हाई. हट्टी हाय, बापागत.”

मी हसले आणि फाइल वाचायला लागले. निदान त्या वाक्यात होतं, पण मी ते हट्टाच्या खात्यात टाकून मोकळी झाले.

पडद्यामागे पाणी नाही, मधला कान साफ. ओएई परत केली, दोन्ही बाजू पास. एनआयसीयूचा इतिहास आणि तेवढी कावीळ पाहून बेरा तपासणी करायचं ठरवलं. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. रात्री उशिरापर्यंत जागं ठेवून सकाळी आणा म्हटलं. बिचाऱ्या आईने रात्री दोनपर्यंत तिला अंगणात फिरवलं आणि पहाटेची एसटी धरली. बेरात ९० डेसिबलपर्यंत आवाज दिला तरी एकही लाट दिसली नाही, दोन्ही कानांत.

बाहेर नऊ-दहा पेशंट ताटकळत होते. मी घाईत सांगितलं की हिच्या कानाची नस काम करत नाही, मशीन लागेल, पुढे कदाचित ऑपरेशन. वडिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर पास, दुसऱ्यावर सपाट रेघ.

“यातलं खरं कुठलं?”

“बेरा खरी,” मी म्हटलं.

ते मान हलवून गेले, आणि साडेतीन महिने आले नाहीत. मधल्या काळात त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं. तिथे फक्त ओएई झाली. ती अर्थातच पास आली. कान उत्तम आहेत असं ऐकून आज्जीने घरी येऊन नारळ फोडला, हे मला नंतर कळलं.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

वडिलांच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं: दोन्ही. हे समजायला आवाज कानातून मेंदूपर्यंत कसा जातो ते टप्प्याटप्प्याने बघावं लागतं.

हवेतली कंपनं कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतात. पडद्याला तीन हाडांची साखळी जोडलेली असते. त्यातलं शेवटचं, रिकिबीसारखं हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं, माणसाच्या अंगातलं सगळ्यात लहान. मोठ्या पडद्यावरचा दाब या छोट्या हाडाच्या तळव्याखाली गोळा होतो आणि सुमारे वीसपटीने वाढून आतल्या कानातल्या पाण्यात उतरतो. हे आतलं दालन म्हणजे कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर लांब. तिच्या बुडाशी बारीक, टोकदार आवाज वाजतात, टोकाशी जाडे.

तिच्यात केसपेशींच्या रांगा असतात. आतली एक रांग, सुमारे साडेतीन हजार पेशींची. बाहेरच्या तीन रांगा, सुमारे बारा हजार पेशी. दोघींची कामं अगदी वेगळी आहेत. बाहेरच्या पेशी आवाज आला की स्वतः लांब-आखूड होतात, अक्षरशः नाचतात, आणि हळू आवाजाला जोर देतात. मेंदूला निरोप पाठवणं हे मुख्यतः आतल्या रांगेचं काम. श्रवणाच्या नसेत सुमारे तीस हजार तंतू असतात आणि त्यातले बहुतेक सगळे आतल्या रांगेलाच जोडलेले असतात.

बाहेरच्या पेशी नाचल्या की त्याचा बारीकसा प्रतिध्वनी उलट्या वाटेने, हाडांतून, पडद्यातून, कानाच्या नळीत परत येतो. लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी १९७८ साली तो पकडला. ओएई म्हणजे हाच प्रतिध्वनी. कानात छोटं बूच बसवायचं, टिकटिक द्यायची, मायक्रोफोनने परतीचा आवाज ऐकायचा. दोन मिनिटांचं काम, स्वस्त मशीन, मूल थोडं चुळबुळलं तरी चालतं. म्हणून प्रसूतिगृहांत तेच वापरतात. पण ओएई विचारते एवढंच: बाहेरच्या पेशी नाचतात का? निरोप पुढे गेला का, हे ती विचारतच नाही.

ते विचारते बेरा. डोक्यावर तीन-चार इलेक्ट्रोड चिकटवून, हजार-दोन हजार टिकटिकी देऊन, नस आणि मेंदूच्या देठातून उठणाऱ्या विजेची सरासरी काढायची. ती वीज व्होल्टच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असते. मोठ्या माणसात पहिली लाट दीड मिलिसेकंदाला येते, पाचवी साडेपाच-सहाला. लाट दिसायची तर हजारो तंतूंनी एकाच क्षणी ठिणगी सोडली पाहिजे. मी पुढे आज्जीला टाळांचं उदाहरण दिलं. दिंडीत शंभर टाळकरी एका ठेक्यावर वाजवत असले तर लांबून ठेका कळतो. प्रत्येकजण आपापल्या वेळी वाजवायला लागला तर आवाज तेवढाच, पण तो अभंगाचा ठेका आहे की भांडी पडली हे कळायचं नाही. चिमीची नस तशी वाजत होती.

या आजाराला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. हे नाव १९९६ साली अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. नवजात बाळाची तीव्र कावीळ हे त्याचं एक ठळक कारण. जास्तीचं बिलिरुबिन मेंदूत उतरलं की ते काही ठरावीक जागा धरतं, त्यात श्रवणाची नस आणि मेंदूच्या देठातली श्रवणकेंद्रं येतात. केसपेशींना ते बहुधा हात लावत नाही. म्हणून ओएई पास. आणि म्हणूनच एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची तपासणी ओएईवर भागवू नये, बेरासारखी नसेची तपासणी करावी, असं बालश्रवणाच्या अमेरिकी संयुक्त समितीने २००७ सालीच सांगितलं आहे.

आता आज्जीचं वाक्य परत वाचा. मनात आलं की ऐकती, न्हाईतर न्हाई. ऑडिटरी न्यूरोपॅथी असलेल्या मुलाचं याहून नेमकं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

पुन्हा आली तेव्हा

साडेसोळा महिने. बेंदराला पाहुणे जमले होते. चुलत जावेची त्याच वयाची मुलगी “बैऽऽल” म्हणत दारात नाचत होती आणि चिमी बैलांच्या घुंगरांकडे पाठ करून मातीत रेघा ओढत होती. दुसऱ्या दिवशी आई एकटीच तिला घेऊन आली. तिने फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, या वेळी मला समजेल असं सांगा.”

त्या दिवशी मी पुढचे पेशंट दुपारनंतरचे केले.

बेरा परत घेतली, या वेळी नीट. टिकटिक दोन प्रकारे देता येते: पडदा आत ढकलणारी आणि बाहेर ओढणारी. दोन्ही वेगवेगळ्या नोंदवल्या. स्क्रीनवर सुरुवातीलाच बारीक नागमोडी उमटली, आणि टिकटिकीची दिशा उलटवल्याबरोबर ती आरशातल्यासारखी उलटी झाली. नसेची लाट अशी उलटत नाही, केसपेशींची वीज उलटते. पण मशीनची स्वतःची खरखरही उलटते. म्हणून कानात आवाज नेणारी रबरी नळी मी चिमट्याने दाबून धरली. आवाज बंद, मशीन चालू. नागमोडी नाहीशी झाली. चिमटा सोडला, परत आली. म्हणजे ती चिमीच्या कानातूनच येत होती. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला मी चिमटा दिला आणि तिने स्वतः दोनदा करून पाहिलं. पहिल्या भेटीत मी हे केलं असतं तर वीस मिनिटं गेली असती.

नंतर ध्वनिरोधक खोलीत वागणुकीवरची तपासणी: आवाज आला आणि मूल वळलं की काचेच्या पेटीतलं माकड उजळतं आणि टाळ वाजवतं. चिमीला माकड फार आवडलं. पहिल्या दिवशी ती ५० डेसिबलला वळली, आठवड्याने त्याच आवाजाला ७० लागले. एमआरआयमध्ये दोन्ही नसा जाडजूड दिसल्या, मेंदूत काविळीची पुसटशी खूण होती. नस मुळात बारीक किंवा नसलेली असती तर पुढचा एक मोठा रस्ता बंद झाला असता.

कुठले रस्ते होते

काही न करता थांबणं, हा पहिला. काविळीमुळे झालेला हा दोष काही मुलांत पहिल्या वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारतो, त्यामुळे हा वेडगळ पर्याय नव्हता. सहा महिन्यांच्या बाळाला मी तोच सांगितला असता. पण चिमी दीड वर्षाची व्हायला आली होती आणि तेराव्या महिन्याच्या आणि आताच्या तपासणीत तसूभर फरक नव्हता.

दुसरा, कानाचं मशीन. मशीन आवाज मोठा करतं, स्वच्छ करत नाही. बेसूर दिंडीचा लाउडस्पीकर वाढवल्यासारखं. तरी या आजाराच्या काही मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो, आणि कोणाला होईल हे आधी कुठल्याच यंत्रावर कळत नाही. लावून बघावं लागतं.

तिसरा, कॉक्लियर इम्प्लांट. यावर वडिलांनी जो प्रश्न विचारला तो मी आता विद्यार्थ्यांना विचारते: “नसच खराब म्हणताय, मग तार जोडणार कशाला?” इम्प्लांटची तार कॉक्लियात जाते आणि नसेला थेट विजेचा धक्का देते. आवाजाच्या निरोपाने विस्कळीत वाजणारे तंतू विजेच्या ठोक्याला बऱ्याचदा एकदम उठतात, विणेकऱ्याने ठेका धरून द्यावा तसे. बिघाड केसपेशी आणि नस यांच्या जोडावर असेल तर फायदा भरपूर. नसेच्या आत खोलवर असेल तर कमी. चिमीचा नेमका कुठे आहे हे आधी सांगता येत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.

खुणांचा रस्ताही होता. खरं तर घरात तो आधीच सुरू झाला होता: आज्जी तोंडाकडे बोटं नेऊन भाकरी दाखवायची, चिमी हात हलवून बाहेर जायचं मागायची. वडिलांना भीती की खुणा शिकवल्या तर ती बोलणारच नाही. ही भीती सगळीकडे आहे आणि चुकीची आहे. भाषा मेंदूत कुठल्याही दाराने शिरली तरी ती भाषाच असते. खुणा चालू ठेवायच्या, हे मी हट्टाने ठरवून घेतलं.

काय केलं

अठराव्या महिन्यात दोन्ही कानांना मशीन बसवलं. बेराच्या आकड्यावरून नाही, कारण या आजारात बेरावरून ऐकण्याची पातळी कळत नाही. माकडाच्या खोलीतल्या आकड्यांवरून, आणि आवाजाला वरची मर्यादा घालून, म्हणजे शाबूत असलेल्या बाहेरच्या पेशींना इजा होऊ नये.

आठवड्यातून एकदा थेरपी, बाकी घरी. आईला एक काम दिलं: रोज दहा वेळा, पाठीमागून, तीन पावलांवरून, साध्या आवाजात नाव घ्यायचं. वळली तर बरोबर, नाही तर फुली. तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचे चौकोन वापरले. मशीनच्या आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी तीन बरोबर. चौथ्या महिन्यात सहा. घरात टीव्ही चालू असला की एक, कधी शून्य.

सहाचा आकडा बघून सगळे खूष झाले, मीसुद्धा. पण थेरपीत वेगळंच दिसत होतं. आम्ही सहा ध्वनी वापरतो: आ, ऊ, ई, श, स, म. माणसाच्या बोलण्याचा जाड्यापासून बारीकपर्यंतचा सगळा पट्टा त्यात येतो. चिमीला ‘स’ सोडून सगळे ऐकू येत होते, पण ‘आ’ला बाहुली आणि ‘ई’ला उंदीर उचलायचा हे महिनोन् महिने जमलं नाही. आवाज आला हे कळत होतं, काय आला हे नाही.

इथे मी रेंगाळले. आकडे वाढताहेत, अजून तीन महिने बघू, असं करत मशीनची चाचणी नऊ महिने चालली. सत्ताविसाव्या महिन्यात बेरा परत सपाट आली. बोललेले शब्द शून्य, खुणा मात्र चाळीसच्या वर. मग इम्प्लांटचा निर्णय घेतला.

निर्णयानंतर कागदपत्रांना वेळ गेला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं, त्याचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था बघते. उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव यांतला एका काना-मात्रेचा फरक. शिवाय न्यूमोकोकलची लस, कारण इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो. आणि गाळप हंगाम. ट्रॅक्टर बंद ठेवला तर हप्ता कसा भरायचा, हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी तारीख त्यानेच ठरवली.

एकतिसाव्या महिन्यात उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. तार आत गेल्यावर टाके घालायच्या आधी मी थिएटरमध्ये लॅपटॉप लावून एकेका इलेक्ट्रोडला विजेचा ठोका दिला आणि नस उत्तर देते का ते पाहिलं. बावीसपैकी एकोणीस इलेक्ट्रोडवर नसेची लाट आली. दीड वर्षात या मुलीच्या नसेतून मी पहिल्यांदाच लाट बघत होते. सर्जननी मास्कमधूनच विचारलं, “काय?” मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

काय झालं

इम्प्लांट चालू करण्याच्या दिवशी मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंसारखं काही घडलं नाही. चिमी किंचाळली, डोक्यावरची कॉइल, म्हणजे इम्प्लांटची बाहेरून चिकटणारी चकती, ओढून काढली आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. घरी जाताना आज्जी माझ्याशी बोलली नाही. पुढचे दोन आठवडे कॉइल दिवसातून दहा मिनिटं टिकायची.

सहाव्या आठवड्यात नावाला वळू लागली. चौथ्या महिन्यात ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे झाले, बाहुली आणि उंदीर बरोबर उचलले गेले. पाचव्या महिन्यात गोठ्यातल्या शेळीला “ये, ये” म्हणाली. आईने त्या दिवशीच्या चौकोनात पेनने तेच लिहिलं.

आता ती पाच वर्षं दोन महिन्यांची आहे. तीन-चार शब्दांची वाक्यं बोलते, भाषेची पातळी साधारण साडेतीन वर्षांच्या मुलाची. शांत खोलीत दहापैकी आठ-नऊ शब्द बरोबर ओळखते, पंखा आणि टीव्ही चालू केला की पाचावर येते. ‘क’ आणि ‘त’ अजून एक होतात, त्यामुळे काका ताता आहेत. चालायला बाविसाव्या महिन्यात लागली, पळताना अजून अडखळते, तोही काविळीचाच वाटा. मधे एकदा कॉइलची वायर तुटली आणि नवी येईपर्यंत तीन आठवडे ती परत निःशब्द जगात गेली. त्या तीन आठवड्यांत खुणा कामाला आल्या. वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा त्या स्वतः वापरल्या.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली जागा एनआयसीयूची. तिथे बेरा झाली असती तर महिन्याभरात शंका आली असती आणि सहाव्या महिन्यापर्यंत घराला काय चाललंय ते माहीत असतं. बेराचं मशीन महाग आहे, चालवणारा माणूस लागतो, हे मला माहीत आहे. पण चिठ्ठीवर निदान ‘पास’च्या खाली एक ओळ छापायला खर्च येत नाही: कावीळ किंवा एनआयसीयूत मुक्काम असल्यास बेरा करावी. आमच्या भागातल्या दोन रुग्णालयांनी आता तसा शिक्का करून घेतला आहे. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

दुसरी जागा माझ्या टेबलावरची. ‘बेरा खरी’ हे दोन शब्द बोलायला एक सेकंद लागला आणि त्यात साडेतीन महिने गेले. दोन कागद परस्परविरोधी आहेत असं घरच्यांना दिसत असताना मी एक कागद खोटा ठरवला, आणि त्यांनी साहजिकच आवडता कागद खरा मानणारी जागा शोधली. आता असं मूल आलं की मी आधी चिमटा आईच्या किंवा आज्जीच्या हातात देते.

मशीनच्या चाचणीचे नऊ महिने मला जास्तच वाटतात. नावाला वळणं मोजलं, पण फरक ओळखणं आधी मोजायला हवं होतं. ‘आ’ आणि ‘ई’चा उंदीर चार महिन्यांत उचलला जात नसेल तर त्याच वेळी कागदपत्रं सुरू करायची, असं मी आता ठरवलं आहे. माझ्या एका सहकाऱ्याचं मत उलटं आहे. त्याने दोन वर्षांच्या वयानंतर सुधारलेलं मूल पाहिलं आहे आणि त्याच्या मते घाई करून एखादा चांगला कान उघडला जाईल. आमचा हा वाद मिटलेला नाही.

जनुकीय तपासणी आम्ही केली नाही. कावीळ एवढी ठळक होती की दुसरं कारण शोधायची गरज वाटली नाही, खर्चही होता. आज केली असती. ऑटोफर्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळेही अशीच ओएई पास, बेरा सपाट अशी मुलं जन्मतात, आणि त्यांच्यावर जनुकउपचार करून ऐकू आल्याचं चिनी डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केलं आहे. चिमीला त्यातलं काही लागू झालं असतं असं मला वाटत नाही, पण पुढच्या मुलाला होऊ शकतं.

डाव्या कानाचं अजून ठरलेलं नाही. वडिलांना तोही करायचा आहे, आई थांबू म्हणते. मागच्या महिन्यात त्या कानाची ओएई परत केली. पाच वर्षांनीही पासच आली. आईने छापलेली चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, ‘पास’च्या खाली पेनने ‘बेरात लाट नाही’ असं लिहिलं, आणि मग फाइलला लावली.